भाग क्रमांक सतरा

बाबांच्या हातात कागद आला तेव्हा
त्यावर बंदूक नव्हतीच.
एक स्प्रिंग, आडवी काढलेली,
वेढे, व्यास, तारेची जाडी,
आणि खालच्या चौकटीत : भाग क्रमांक सतरा.
अमोनियाचा वास मारणारा निळा कागद.
आधीचे सोळा कुठे, कुणाकडे,
हे विचारायचं नाही, असं मालकांनी
रबाळ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोनदा बजावलं.

बाबा, पद्माकर केणी, राहणार गोठिवली.
आजोबांची होडी खाडीत,
बाबांची नोकरी खाडी बुजवून केलेल्या एमआयडीसीत.
घर तेच. पाणी तेवढं लांब गेलं.

दर बुधवारी गेजांची पेटी घेऊन
तपासणीला यायचे निवृत्त सुभेदार अवताडे.
कटिंग चहा बशीत ओतत, फुंकर मारत
ते एकेक घोट सांगायचे :

आधी ती लांब होती.
मैदानासाठी घडवलेली, चारशे मीटरवरून बोलणारी.
मग लढाई जिन्यात आली.
विमानातल्या दोन रांगांमधल्या बोळात आली.
दार ढकललं की नळी आधी आत
आणि जवान मागून,
म्हणजे आतल्याला आयतं आमंत्रण.

म्हणून नळी वीतभर कापली.
तर तोंडाशी एवढा जाळ
की रात्री डागणाराच आंधळा.
जाळावर टोपी चढवली, तर पोटात वायू तुंबला.
दस्ता दुमडता केला,
तर दुमडल्यावर रिकामी काडतुसं त्याच्यावरच आपटून
पुन्हा घशात.
बोल्ट असा उसळून मागे यायचा
की दोन हजार फैरींत स्प्रिंगनं मान टाकलीच.
चार वर्षं. एक दुखणं बरं केलं की दुसरं वर.
"लांब गोष्ट आखूड करणं
लय अवघड असतंय बघा, केणी."

बाबा काही बोलले नाहीत.
रविवारी पडवीत आजोबांच्या शेजारी बसले.
आजोबा जाळ्याची दोरी वळत होते,
एक टोक पायाच्या अंगठ्याला, तीन पदर मांडीवर.
बाबांनी खिशातून तार काढली.
आजोबा हसले. "पोलादाची दोरी? मासं कंचं धरनार?"

एका जाड तारेऐवजी तीन बारीक,
एकमेकींत पिळलेल्या.
त्या आपसात घासतात
आणि धक्का एकटीच्या वाट्याला येऊ देत नाहीत.
नऊ हजार फैरी झाल्या.
अवताड्यांनी पेढे आणले,
आणि मालकांनी पंचवीस रुपये पगारवाढ दिली, महिन्याची.

पुष्कळ वर्षांनी अवताडे पुन्हा आले,
गुडघ्याला पट्टा, हातात काठी, बुधवार नव्हता.
म्हणाले, वापरली.
बाबांनी विचारलं, चालली?
चालली.
मग बाबांचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलले,
मी समोर बसून पाहिलंय,
आणि त्यांनी विचारलं, चहात साखर किती?

त्या बंदुकीचा इतिहास मी वाचलाय अलीकडे.
वजन आहे. नळीची लांबी मिलिमीटरमध्ये.
मिनिटाला किती फैरी, कुठल्या तुकडीला कधी दिली.
सतरा क्रमांकाची एक ओळ, तीही यादीत,
नगासमोर आकडा : एक.

अर्ध्या मिलिमीटरनं नापास झालेली एक
बाबांनी घरी आणली होती.
दाबायची स्प्रिंग, ओढायची नव्हे,
म्हणून आत सळई घालून, उलटी अडकवून
मागच्या जाळीच्या दाराला लावली,
डास येतात म्हणून.
आई तिला अमावस्येला खोबरेल लावते.
खाडीचा वारा, गंज धरतो.
बाबा गेले त्या दिवशी दीडेकशे माणसं
त्या दारातून आत-बाहेर झाली,
दार प्रत्येकाच्या मागे मिटत राहिलं, न आपटता.

काल बोंबलाच्या वासावर
शेजारच्या केण्यांची मांजर आत शिरली.
दार हळूहळू आलं
आणि तिची शेपटी पुरती आत जाईपर्यंत
जरासं थांबल्यासारखं वाटलं मला.